गांजा सोडून अकरा दिवस झाले. डोकं परत येतं का?

जिन्याखालचा:
वय २७, पुण्यात एका कंपनीत टेस्टिंगला आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर पहिला झुरका मारला. गेली पाच वर्षं रोज. रात्री जेवण झालं की गच्चीच्या जिन्याखाली एक जॉइंट, शनिवार-रविवारी तीन-चार. नोकरी टिकली, घरी कळलं नाही, त्यामुळे आपलं बरं चाललंय असंच वाटायचं.

बाबा साताऱ्याला असतात. रविवारी सकाळी फोनवर आम्ही दोघं पेपरातलं शब्दकोडं सोडवतो. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलं, "बैलाच्या जोखडाची खुंटी, तीन अक्षरी." आजोबांच्या गोठ्यात ती मी कितीदा हातात धरलीय. तिला गेलेली चीर, हाताळून गुळगुळीत झालेलं टोक, सगळं डोळ्यांसमोर आलं, पण शब्द काही येईना. बाबा दोन मिनिटं थांबले आणि म्हणाले, "राहू दे, कामाचा ताण असेल." ते "राहू दे" फार लागलं.

मग लक्ष ठेवायला लागलो. मीटिंगमध्ये वाक्य सुरू करतो आणि कुठे जायचं होतं तेच सापडत नाही. पार्टनरने तीन वस्तू आणायला सांगितल्या तर लिफ्ट खाली पोचेपर्यंत दोन गळतात.

अकरा दिवस बंद आहे. झोप नाही, पहाटे बनियन घामाने भिजतं, परवा खरकट्या भांड्यांवरून पार्टनरवर खेकसलो. संध्याकाळी सात वाजले की कशातच जीव रमत नाही. दोन प्रश्न: शब्द परत येतात का? आणि ही उदासी गांज्याने आणली, की ती आधीपासूनच होती आणि मी तिच्यावर धूर सोडत बसलो होतो?

रंकाळ्याचा_वारा:
भावा, मला सोडून तीन वर्षं झाली. घाम आणि चिडचिड पहिल्या आठवड्यात जोरात असतात, मग उतरतात. झोपेला जास्त वेळ लागतो. स्वप्नं पडायला लागली की घाबरू नकोस, ओढत असताना दबलेली असतात, ती सगळी एकदम येतात. मला पंधरा दिवस रोज दहावीचा भूमितीचा पेपर होता, आणि कंपास घरी राहिलेला.

एक विचारू? जॉइंटमध्ये सिगारेटची तंबाखू मिसळायचास ना? मग तुझी अर्धी तगमग निकोटिनची असेल. मी गांजा सोडून दिवसाला आठ सिगारेटींवर गेलो होतो आणि वर छाती काढून फिरत होतो. आणि पुडीवाल्याचा नंबर उडव, "असू दे" म्हणून ठेवू नकोस.

टपरीवरचा_तत्त्वज्ञ:
मी सुपारीसुद्धा खात नाही, मलाही शब्द आठवत नाहीत. वय होतंय रे. शिवरात्रीला भांग घेणारे आमचे आजोबा नव्वदीत हिशेब तोंडी करायचे. झाडपाल्याला एवढं काय घाबरायचं?

वाशीची_ताई:
व्यसनमुक्तीत समुपदेशन करते, म्हणून थोडं सविस्तर.

टपरीवाले दादा, वर्षातून एकदा घेतलेली भांग आणि रोजचा गांजा यांत फार अंतर आहे. आठवण नोंदवून ठेवणारा मेंदूचा भाग असतो, हिप्पोकॅम्पस. गांजातली नशा आणणारी टीएचसी पेशींवरच्या ज्या जागांवर जाऊन बसते, त्यांना ग्राहक (रिसेप्टर) म्हणतात. ते तिथे दाट असतात. रोज मारा झाला की मेंदू ते ग्राहक कमी करतो. २०१२ च्या एका स्कॅनच्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांनी साधारण चार आठवडे बंद ठेवल्यावर मेंदूच्या बाहेरच्या थरातले ग्राहक बरेचसे भरून आलेले दिसले. टीएचसी चरबीत साठते, हळूहळू निघते. त्यामुळे अकराव्या दिवशी निकाल लावू नका.

न्यूझीलंडमधल्या डनेडिनला १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारेक मुलांचा माग आजवर ठेवलाय. किशोरवयात सुरू करून वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यंक ३८ व्या वर्षापर्यंत घसरलेला दिसला, मोठेपणी सुरू करणाऱ्यांत तशी घसरण दिसली नाही. पुढे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी यावर शंकाही घेतली. तुम्ही एकोणीस-वीसला सुरू केलंत, मी तुमच्या जागी असते तर आशा धरली असती.

उदासीचं मात्र मला इथे बसून सांगता येणार नाही. बंद केल्यावर काही आठवडे मन खाली जातंच. महिन्यानंतरही सात वाजता तेच होत असेल, तर ती आधीची असू शकते, आणि तिच्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटला तर मात्र महिन्याची वाट न बघता १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, मराठीत बोलतात. आणि घरात कुणाला आवाज ऐकू येणं, उगाच संशय घेणं असा त्रास होता का? असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. अशा घरातल्या माणसाला गांजाचा धोका जास्त.

जिन्याखालचा:
आज चोविसावा दिवस. तंबाखूचं खरं निघालं, आता तिच्याशी वेगळं भांडण चालू आहे. झोप पाच तासांवर आलीय. सात वाजताचं ओझं अजून तसंच.

शब्द शिवळ होता. मला आठवला नाही, पुढच्या रविवारी बाबांनीच उत्तर वाचलं. या रविवारी मी तीन दिले, त्यातला एक चुकीचा.

ताई, धाकटे काका म्हणायचे, रेडिओवाले आपल्याबद्दलच बोलतात. आम्ही घरात ते हसण्यावारी न्यायचो. उद्या साडेपाचची वेळ घेतलीय, ते सांगायचं राहू नये म्हणून आत्ताच तळहातावर पेनाने "काका" लिहून ठेवलंय.