प्रतिसाद: माझदा मियाटाला १.८ लिटरवाल्या मियाटाचं डिफ (डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) बसवताना

टर्बो लावलेल्या १.६ लिटर मियाटाला 'फक्त १.८ चा पंपकिन (म्हणजे नुसता डिफचा गोळा) टाकला की झालं' असं वर कुणीतरी लिहिलंय. तेवढ्यावर भागत नाही हो! १.६ च्या डिफमधला मोठा रिंग गिअर ६ इंची, १९९४ पासूनच्या १.८ चा ७ इंची. मागचे हाफ शाफ्ट (डिफपासून चाकांपर्यंतचे दांडे) वेगळे, पिनियनचा (रिंग गिअरला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचा) जोडणीचा फ्लँज मोठा, म्हणून प्रॉपशाफ्टही (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा दांडा) बदलावा लागतो. भंगारवाल्याकडून घ्यायचंच तर एकाच गाडीचा अख्खा सेट घ्या. सुटे भाग जमवत बसलात तर खिसाही रिकामा होतो आणि डोकंही उठतं.

शक्यतो टॉर्सन (पकड असलेल्या चाकाला जास्त ताकद देणारं, गिअरवर चालणारं डिफ) शोधा. जुनं व्हिस्कस (तेच काम घट्ट द्रवाने करणारं डिफ) एव्हाना थकलेलं असतं, त्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत. फक्त एक चाक हवेत गेलं की टॉर्सनही हात वर करतं.

डिफचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपशाफ्टचे किती फेरे) ४.३ चा ४.१ झाला की स्पीडोमीटर साधारण ५ टक्के कमी दाखवतो. गिअरबॉक्समधला प्लास्टिकचा छोटा गिअर बदला, नाहीतर दंडाची पावती ठरलेली.

आणि डिफचं ऑइल काढण्याआधी वरचा फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) सुटतोय ना ते बघा. तो गंजून बसला असेल तर रिकामं डिफ घेऊन गाडी जॅकवरच राहील.