'टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही', हे बोलणं बंद करा की!

रानजाई:
आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट) चालू आहे कळलं की सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं एकच, टेन्शन घेऊ नकोस गं, त्यानेच राहत नाही. म्हणजे पोटात सुया मी टोचून घ्यायच्या, प्रोजेस्टेरॉन हार्मोनच्या इंजेक्शनने कंबर माझी दुखणार आणि सायकल, म्हणजे उपचाराची एक फेरी, फेल गेली की दोष पण माझ्याच डोक्याचा. २०११ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, साडेतीन हजारांवर बायका होत्या त्यात, उपचाराआधीचं टेन्शन आणि त्या सायकलला दिवस राहणं यांचा संबंध सापडला नाही.

कट्टेकर:
ताई, लोक काळजीपोटी बोलतात हो. आणि टेन्शनने काहीच होत नाही हे मला नाही पटत. ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडतात ते) फेल गेल्यावर आमची ही म्हणाली बास, आता दवाखान्याची पायरी चढणार नाही. ट्रीटमेंटच सोडली तर चान्स शून्यच ना?

रानजाई:
हो, पण मग तिला सोबत लागते, काउन्सेलर लागते, 'टेन्शन घेऊ नकोस' नाही लागत. टेन्शनने माणूस थकतो हे मान्य, टेन्शनमुळे गर्भ चिकटत नाही हे अमान्य. दोन्हीची खिचडी करू नका.

अण्णा_सातारा:
आता काउन्सेलर पण लागणार! घरात माणसं कशाला असतात?

मिरजेची_मी:
अण्णा, घरातल्या माणसांमुळेच तर डोहाळजेवणाला जायचं टाळतो आम्ही 😐 आणि २०२१ च्या एआरटी कायद्यातच (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) आहे की क्लिनिकने जोडप्याला समुपदेशन द्यायचं, यशाची शक्यता किती तेही सांगायचं. आमच्याकडे काउन्सेलिंगची मॅडम म्हणजे पॅकेज नि ईएमआय समजावणारी. ट्रान्सफरनंतरचे दोन आठवडे जीव टांगणीला आणि मग बीटाचा, म्हणजे दिवस राहिलेत का बघायच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर, कुणाचा फोन नाही काही नाही.

अण्णा_सातारा:
कायद्यात असलं म्हणून काय झालं, परक्या बाईपुढे कोण मन मोकळं करतं? पैसे तेवढे जातील.

गप्प_बसणारा:
मी करतो अण्णा. शुक्राणूंचा काउंट माझा कमी, इक्सी (एकच शुक्राणू सुईने बीजात सोडतात ते) त्यासाठीच करावं लागलं, तरी 'टेन्शन घेऊ नकोस' आमच्या घरात फक्त बायकोला ऐकवतात. मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही, आणि आईला खरं सांगायची हिंमत अजून होत नाही.

रानजाई:
दादा, ते आधी सांगा घरी. तिच्या डोक्यावरचं निम्मं तिथंच उतरेल.

कट्टेकर:
रानजाई, सोपं नसतं हो ते पुरुषाला.