बुडवली ती स्वतःच्या वाट्याची खते

तुकोबांनी लोकांकडून येणे असलेल्या रकमांची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, त्याअर्थी परमार्थात धन त्याज्यच मानले पाहिजे, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. आसक्ती सोडावी हे मान्यच आहे. परंतु परंपरेने चालत आलेल्या चरित्रकथेत जो तपशील आहे, तो या निष्कर्षात लक्षात घेतलेला नाही. सगळी खते बुडवली तर मुलाबाळांचे कसे होणार, ही धाकटे भाऊ कान्होबा यांची अडचण ऐकून तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले, एक भावाच्या हवाली केला आणि केवळ आपला वाटा नदीत सोडला. म्हणजे भावाच्या हक्काच्या येण्यावर त्यांनी स्वतःचे वैराग्य लादले नाही.

माझ्या मामांचे भागीदारीत किराणा दुकान होते. एखाद्या नडलेल्या गिऱ्हाइकाची उधारी सोडायची झाल्यास ते आधी भागीदाराचा निम्मा हिस्सा स्वतःच्या नावे खर्ची टाकीत आणि मगच वहीतील त्या पानावर तिरपी रेघ ओढीत. (मामींना हे फारसे रुचत नसे, आणि त्यांचेही चुकत होते असे नाही.) गिऱ्हाईक आभार मानू लागले, की मामा त्यालाच हात जोडून पुढच्या माणसाचे सामान मोजायला घेत.