फोटोवर नुसतं "कडक" लिहायचं की चूक पण सांगायची?

उजनीकाठ:
आपल्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर एका नवीन मुलाने उजनी धरणाकाठच्या भिगवणचा फोटो टाकला, फ्लेमिंगोंचा थवा उडतानाचा. सगळ्यांनी अप्रतिम, कडक, एक नंबर. मी लिहिलं की पंख हललेत, शटरचा वेग १/२५० सेकंद आहे, उडत्या पक्ष्याला निदान १/१६०० तरी लागतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० वर अडवून न ठेवता ८०० केला असता तर सहज मिळाला असता, आणि पांढरी पिसं जळलीत, म्हणजे जादा उजेडाने नुसती सपाट पांढरी झालीत, एक्स्पोजर (आत येणारा उजेड) पाऊण स्टॉप खाली घ्यायचं. तर दोघांनी मलाच झापलं, पोराचा उत्साह कशाला मारता म्हणून. अहो, पहाटे उठून बोटीत बसलेल्या माणसाला पुढच्या खेपेला उपयोगी पडेल असं काही सांगायचंच नाही का? "कडक" वाचून तो परत १/२५० वरच काढणार.

तेरडा_कास:
दादा, त्याने विचारलं होतं का? मी कासला पहिल्यांदा तेरड्याचा फोटो काढला तेव्हा एका सीनियरने सगळ्यांसमोर लिहिलं, होरायझन (क्षितिज) तिरका, आधी बेसिक शिका. वर्षभर एकही फोटो दाखवला नाही मी कुणाला. छंद आहे हा, परीक्षा नाही.

उजनीकाठ:
ताई, वाईट वाटलं वाचून. पण होरायझन तिरका होता का?

तेरडा_कास:
होता. आणि ते मला कळलं असतं, नीट सांगितलं असतं तर. "फुलांचा रंग छान आलाय, फक्त स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या ग्रिड लाइन चालू करून बघ" एवढंच पुरलं असतं. "बेसिक शिका" हा फोटोवरचा शेरा नाहीये, माणसावरचा आहे.

सह्यभटक्या:
मला दोघांचं पटत नाही पूर्ण. आधी चूक कुठली आणि आवड कुठली ते तरी बघा. पिसं जळली तर तिथला डिटेल गेला, ती चूक. पण पंख हलणं चूकच असं नाही, लोक मुद्दाम १/३० वर पॅनिंग करतात, म्हणजे उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढतात. आपल्याकडे रूल ऑफ थर्ड्स (विषय मधोमध न ठेवता चौकटीच्या एक तृतीयांशावर ठेवायचा) तर असा लावतात की जणू कायदाच आहे, पक्षी मधोमध बसला की आलेच सगळे क्रॉप सुचवायला.

उजनीकाठ:
पॅनिंगमध्ये पंख वाहतात पण डोकं शार्प राहतं. इथे झूम करून बघा, एकाही पक्ष्याचा डोळा शार्प नाही, चोचीचा काळा शेंडा पण दुहेरी दिसतोय.

सह्यभटक्या:
हां, आत्ता बघितलं झूम करून. डोळ्याचं बरोबर आहे तुमचं.

तेरडा_कास:
असू दे की बरोबर. त्याला काय दाखवायचं होतं ते विचारलंत का आधी? मला तर त्यात खाली पाण्यात पडलेली गुलाबी रेघ सगळ्यात आवडली, आणि त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.

उजनीकाठ:
नाही विचारलं. रेघ दिसली होती मला, लिहायला हवी होती, ते चुकलं माझं. आज त्याला वेगळा मेसेज करतो, रेघेपासून सुरुवात करून. पण शटरचं मात्र सांगणारच.