शब्दचर्चा: 'आढळ' की 'वितरण'? आणि पांढऱ्या पट्ट्यांना काय म्हणायचं?

विचारणा
इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका फलाहारी वटवाघळावर मराठीत लिहितोय. शास्त्रीय नाव स्टायलोक्टेनियम वॉलेसी. फारसा अभ्यास न झालेला प्राणी, तोंडावर ठसठशीत पांढरे पट्टे. दोन ठिकाणी अडलोय. 'डिस्ट्रिब्यूशन'ला, म्हणजे प्राणी कुठे कुठे सापडतो त्याला, 'वितरण' लिहिलं की कोणीतरी वटवाघळं वाटत सुटलंय असं वाटतं. आणि पट्ट्यांना 'वर्णदोष' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद
'आढळ' लिहा की. 'याचा आढळ सुलावेसी आणि आसपासच्या बेटांवर आहे.' पक्ष्यांवरच्या लेखनात हा शब्द केव्हाच रुळलाय. नकाशावर रंगवलेला भाग दाखवायचा असेल तर 'आढळक्षेत्र'. 'वितरण' पाठ्यपुस्तकातच बरं.

'वर्णदोष' मात्र अजिबात नको. ते पट्टे त्या जातीच्या प्रत्येक वटवाघळाला असतात, मग दोष कसला? सरळ 'तोंडावरचे पांढरे पट्टे' म्हणा.

प्रतिसाद
'आढळ'ला माझा पाठिंबा, पण अशा अपरिचित प्राण्यांच्या बाबतीत 'आढळ' आणि 'नोंद' यांची गल्लत होते, ती टाळा. फलाहारी वटवाघळं बहुतेक डोळ्यांवर आणि नाकावर विसंबून असतात. रूसेटस गटातली काही जिभेने टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंदाज घेतात, तेवढा अपवाद. त्यामुळे कीटकभक्षी वटवाघळं जशी त्यांचे आवाज टिपणाऱ्या ध्वनियंत्रावर सापडतात तशी ही सापडत नाहीत, जाळं लावावं लागतं. जाळं लागतं जमिनीलगत आणि ही उडतात झाडांच्या शेंड्यांवरून! नोंदी तुटक असणारच.

तुमच्याच प्राण्याचं उदाहरण घ्या. स्टायलोक्टेनियम ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत 'जीनस') फक्त सुलावेसीच्या बाजूची, असंच पुस्तकांत होतं. 2007 मध्ये फिलिपिन्सच्या मिंडोरो बेटावरून तिची दुसरी जात जाहीर झाली: नारिंगी लव आणि तोंडावर तेच पांढरे पट्टे. ती काही त्या वर्षी समुद्र ओलांडून आली नव्हती. म्हणून 'आतापर्यंतच्या नोंदी अमुक ठिकाणच्या' असं लिहिणं जास्त खरं.

भारतातलं सलीम अलींच्या नावाचं वटवाघूळ तर याहून मजेशीर. 1948 मध्ये तमिळनाडूच्या डोंगरांत मिळालेला नमुना दुसऱ्याच, सर्वत्र दिसणाऱ्या जातीच्या नावाने संग्रहात पडून होता. वेगळी प्रजाती म्हणून त्याचं वर्णन झालं 1972 मध्ये. तोवर आढळ होता, नोंद नव्हती.

मूळ विचारणाकर्ता
'आढळ' आणि 'नोंदी' दोन्ही घेतो. पण खरोखरच रंग बिघडलेलं एखादं वटवाघूळ असेल तर? सगळ्यांना 'पांढरं वटवाघूळ' म्हणून भागत नाही.

प्रतिसाद
आधी डोळे बघा. आल्बिनिझममध्ये रंगद्रव्य डोळ्यांतही नसतं, डोळे गुलाबी-लाल दिसतात. त्याला 'वर्णहीन' म्हणता येईल. ल्युसिझममध्ये केस पांढरे पण डोळे नेहमीसारखे काळे. याला मराठीत सर्वमान्य शब्द नाही, त्यामुळे मी 'ल्युसिझम' असंच लिहून पुढे एका वाक्यात फोड करते. अंगावर मधेच पांढरे चट्टे आणि डोळे काळे, म्हणजे इंग्रजीतला पाइबाल्ड, त्याला आपला 'कबरा' फक्कड बसतो. कबरी गाय म्हणतोच की आपण.

प्रतिसाद
'कबरा' आवडला. एक सावधगिरी: जुन्या जखमेवरही कधीकधी पांढरे केस उगवतात. फोटोत एकाच बाजूला, वेड्यावाकड्या कडेचा छोटा डाग असेल तर लगेच 'कबरा' ठोकून देऊ नका. काही जातींच्या नरांच्या मानेभोवती तांबूस-नारिंगी पट्टा असतो, तोही नेहमीचाच.

मूळ विचारणाकर्ता
मग वाक्य असं करतो: 'तोंडावरचे पांढरे पट्टे ही या जातीची ओळख, आतापर्यंतच्या नोंदी सुलावेसी आणि जवळच्या बेटांवरच्या.' शीर्षकात 'प्रदेशनिष्ठ' (म्हणजे फक्त त्याच प्रदेशात सापडणारं) घालू का?

प्रतिसाद
जातीपुरतं घाला. प्रजातीला लावू नका, मिंडोरो मधे येतं.