"बाई, विमानात काय करायचं असतं?" – पहिला लांबचा प्रवास आणि तिथले पहिले दिवस

बकुळफूल
काल संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी पाया पडायला आला. मंगळवारी म्युनिकला निघालाय, शिकायला. त्यांच्या घरातून विमानात बसणारा तो पहिलाच. निघताना उंबऱ्याशी थांबला आणि हळूच म्हणाला, "बाई, विमानात काय करायचं असतं?" सुचेल ते सांगितलं, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. २०१३ चा सप्टेंबर जसाच्या तसा समोर आला.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलला भूगोल शिकवत होते. परदेशी शिक्षकांसाठीच्या एका कार्यक्रमात निवड झाली, सहा आठवडे अमेरिका. तोवर माझा सर्वात लांबचा प्रवास म्हणजे सहल घेऊन हंपी.

मुंबई ते लंडन सगळं अंधारात गेलं. लंडनहून शिकागोचं विमान दुपारी सुटलं. समोरच्या पडद्यावर नकाशा होता. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशाप्रमाणे आम्ही सरळ डावीकडे अटलांटिकवरून जाणार असं मी धरून चालले होते. विमान मात्र वर वर चाललेलं. मग खाली ग्रीनलंड! पांढरे डोंगर आणि त्यांच्या मधून समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या. वीस वर्षं फळ्यावर काढलेली आकृती खिडकीखाली पसरली होती.

आणि सूर्य हलेना. जेवण आलं, ताटं गेली, शेजारच्या आजींची एक झोप झाली, तरी ऊन डाव्या खिडकीत तिथंच. एका रेखावृत्ताला ४ मिनिटं, तासाला १५ रेखावृत्तं, हे मी पोरांकडून किती वेळा घोकून घेतलं असेल! विषुववृत्तावर १५ रेखावृत्तं म्हणजे जवळजवळ १,६७० किमी, पण ६० अक्षांशावर निम्मी, ८३५. पडद्यावर आमचा वेग ताशी साडेआठशेच्या आसपास दिसत होता. म्हणजे आम्ही सूर्याच्या बरोबरीनं चाललो होतो! बोर्डिंग पासच्या पाठीमागे गणित मांडलं आणि डोळे भरून आले. सांगायला ओळखीचं कुणी नव्हतं.

शिकागोला उतरल्यावर बोटांचे ठसे उमटेनात. खडू आणि भाकरीचा तवा, दोन्हीनं बोटं गुळगुळीत झालेली. अधिकारी बाईंनी घाई केली नाही, माझा हात हातात घेऊन एकेक बोट दाबून धरलं. "काय शिकवता?" म्हणाल्या. भूगोल म्हटल्यावर हसून म्हणाल्या, मग रस्ता चुकणार नाही तुमचा.

तुमच्यापैकी कुणी शिक्षक असाल, किंवा तुमचे आईवडील शिक्षक असतील, तर पहिल्या प्रवासाचं लिहा ना. त्या मुलाला दाखवीन.

स्वराची_आई
बाई, हातात एकेक बोट धरलं तिथं रडू आलं मला. कुकरची शिट्टी झालीये, नंतर लिहिते

मिरजकर
दशम्या द्या त्याला बरोबर. बाकी काही नाही दिलं तरी चालेल.

वाटसरू_६२
आमचे वडील गणिताचे शिक्षक, निवृत्तीनंतर माझ्याकडे ऑकलंडला आले. मुंबई-सिंगापूर-ऑकलंड. न्यूझीलंडला खाण्याची वस्तू न सांगता आणली तर जागेवर ४०० डॉलर दंड, हे मी फोनवर दहा वेळा बजावलेलं. त्यांनी फुलस्केपवर यादीच केली. मेतकूट, गोडा मसाला, सुपारी, अगदी खिशातल्या चार खडीसाखरेपर्यंत, अनुक्रमांक टाकून. बुटाला शेतातली माती होती तीही लिहिली. तिथल्या माणसानं बूट आत नेऊन धुऊन परत आणून दिले. बाबा मला भेटल्यावर पहिलं वाक्य काय, तर "अरे, त्यानं माझे बूट धुतले रे." दोन दिवस त्यांना तेच लागून राहिलं होतं. कुणाकडून पायताण धुऊन घ्यायचं म्हणजे त्यांना पाप वाटे.

तिसऱ्या रात्री झोप येईना म्हणून अंगणात गेले आणि मला हाक मारून उठवलं. मृग नक्षत्र उलटं! आपल्याकडे दिसतं त्याच्या बरोबर डोक्यावर उभं. जानेवारी होता. दुसऱ्या दिवशी दुपारी काठी रोवून सावली बघितली, ती दक्षिणेला पडलेली, म्हणजे दुपारचा सूर्य उत्तरेला. तिथून शाळेला पोस्टकार्ड लिहिलं त्यांनी, आकृतीसकट. बाबा गेले त्याला आता चार वर्षं झाली. बकुळताई, तुमचं सूर्याचं वाचून पहिल्यांदा त्यांना फोन करावासा वाटला.

बकुळफूल
वाटसरू, ते पोस्टकार्ड शाळेत कुणी जपलं असेल का हो? विचारून बघा. आमच्या शाळेत असं काही आलं असतं तर मी काचेत लावून ठेवलं असतं.

वाटसरू_६२
विचारतो. हे डोक्यातच आलं नव्हतं.

रानवाट
आम्ही फेब्रुवारीत फिनलंडला गेलो होतो, शिक्षकांचा गट. हेलसिंकीत पहिल्या दिवशी शाळेत गेलो तर दारात बुटांची रांग आणि पोरं मोज्यांवर पळतायत. आमच्यातल्या एका बाई म्हणाल्या, अगं हे तर देवळासारखं! तिथं सातव्या वर्षी पहिली. ४५ मिनिटांचा तास झाला की १५ मिनिटं बाहेर, बर्फ असला तरी. आणि सगळ्यांना गरम जेवण फुकट, १९४८ पासून. आम्ही मुलांच्याच रांगेत ताट घेऊन उभे राहिलो. मला आमच्या शाळेतल्या खिचडी शिजवणाऱ्या मावशी आठवल्या. पहाटे उठून चूल पेटवतात, तांदळात खडा राहू देत नाहीत. परत गेल्यावर पहिली भेट त्यांना द्यायची असं तिथंच ठरवलं आणि दिली, लोकरीचे हातमोजे. म्हणाल्या, बाई, याचं मी विदर्भात काय करू. ☺️ पण हिवाळ्यात घालतात.

आजोळ
पायाला सूज येते त्यावर काय करावं? माझी आत्या (वय ६४, शिक्षिका होती) पुढच्या महिन्यात नेवार्कला चाललीये, थेट विमान, १५ तासांच्या वर

हिमगौरी
@आजोळ दर दोन तासांनी उठून चालायचं, बसल्या बसल्या पावलं वरखाली. पाणी पीत राहायचं, विमानातली हवा फार कोरडी असते. रिकामी बाटली तपासणीतून नेता येते, आत गेल्यावर भरायची. रक्तदाब वगैरे असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. चालायच्या वाटेलगतची (आइल) सीट घ्या, दुसऱ्याला उठवायचा संकोच वाटून बायका बसूनच राहतात. माझी आई नऊ तास उठली नव्हती.

आजोळ
आत्याचं अगदी हेच होणार. थँक्यू गं

मिरजकर
लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका. १०० मिलीच्या वर तेल-पाणी काढून घेतात. कैरीचं लोणचं सुरक्षा तपासणीच्या टेबलावर सोडून आलेला माणूस आहे मी, दुःख अजून ताजं आहे.

स्वराची_आई
आले. माझी बहीण जपानला गेली होती, प्राथमिक शिक्षिका. पहिल्या दिवशी साडेचारला उजाडलं (जून), तिला वाटलं शाळेला उशीर झाला, अंघोळ करून तयार! शाळेत पहिलीची पोरं पांढरी टोपी-एप्रन घालून एकमेकांना जेवण वाढत होती आणि नंतर सगळ्यांनी मिळून वर्ग पुसला. तिनेही फडकं घेतलं तर एका मुलीने तिला ओल्या फरशीवर गुडघे न टेकता कसं पुसायचं ते दाखवलं. भाषा दोघींना एकमेकींची शून्य. तो फोटो तिच्या कपाटाच्या दारावर आहे.

हिमगौरी
बकुळताई, पहिले दिवस राहिले ना लिहायचे? साडेदहा तासांचा फरक कसा काढलात?

बकुळफूल
रात्री दोनला टक्क जाग. पोटाला वाटे जेवायची वेळ झालीये. तीन वाजता ब्रेडला शेंगदाण्याची चटणी लावून खायची आणि खिडकीत बसायचं. बाहेर मक्याची शेतं, कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. ती शांतता मला सोसायची नाही. चौथ्या दिवशी तिथल्या एका प्राध्यापक बाईंनी सांगितलं, खोलीत बसू नका, सकाळचं ऊन अंगावर घ्या. मग रोज उजाडलं की चालायला जायचे. आठवड्यात बसली झोप. परत आल्यावर जास्त जड गेलं. पूर्वेकडे येताना शरीर लवकर ऐकत नाही.

दुसऱ्या आठवड्यात नववीच्या वर्गावर गेले. एका मुलानं विचारलं, तुमचं गाव कुठल्या दिशेला? मी पूर्वेकडे हात करणार तेवढ्यात कपाटावर पृथ्वीगोल दिसला. दोरा मागितला, मुंबईवर एक टोक, शिकागोवर दुसरं, आणि ताणून धरला. दोरा गेला रशियावरून, पार आर्क्टिकमधून! सुमारे १३,००० किमी. वर्ग गप्प. मग तो मुलगा उठला, खिडकीशी गेला आणि उत्तरेकडे बोट करून म्हणाला, म्हणजे तिकडे? तिकडे, म्हटलं. त्या दिवशी खोलीवर परत जाताना मी उत्तरेकडे तोंड करून पाच मिनिटं उभी राहिले. घर त्या बाजूला होतं.

एका रविवारी शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट पाहिलं. विवेकानंद ११ सप्टेंबर १८९३ ला बोलले ती इमारत. पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला.

रानवाट
घर त्या बाजूला होतं 🙏

चिंचेचं_झाड
वाचता वाचता आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३, वय १८, ७ एप्रिलला कोलकात्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्क. जवळजवळ दोन महिने, जवळचं कुणी सोबत नाही. आपण १५ तासांना लांबचा प्रवास म्हणतो. (ताई, बोर्डिंग पासवरचं ते गणित आहे का अजून? फोटो टाका)

बकुळफूल
आहे, ॲटलासमध्ये ठेवलंय. पेन्सिलीचं आहे, पुसट झालंय. उद्या उजेडात काढते.

स्वराची_आई
मिरजकर, दशम्या दुधात भिजवता की गुळाच्या पाण्यात? आमच्या सासूबाई दोन्ही म्हणतात, मला तिसऱ्या दिवशी वास येतो

मिरजकर
प्रवासाच्या फक्त दुधात, पाण्याचा थेंब नाही. ज्वारीचं पीठ ताजं दळलेलं हवं. भाजून झाल्या की सुती फडक्यावर पूर्ण गार करायच्या, गरम असताना डब्यात भरल्या की घाम सुटतो आणि तोच वास. तीन दिवस आरामात.

वाटसरू_६२
शाळेत फोन केला होता. आत्ताच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, जुन्या दप्तरात बघते, दिवाळीच्या सुट्टीत वेळ मिळेल.

बकुळफूल
आज मंगळवार. पोराचा मेसेज आला: "बाई पोचलो. घड्याळ साडेतीन तास मागे केलं. दशम्या दोन उरल्यात, खिडकीपाशी बसून खातोय."

मिरजकर, तुमच्या पद्धतीनं केल्या होत्या, फक्त दुधात.

मिरजकर
आता गार झाल्यावरच भरल्या होत्या ना?

बकुळफूल
हो हो, फडक्यावर.