मदत हवी आहे: पावसात टिकणारी खाकी कव्हरं

लेक यंदा तिसरीत गेली. काल अप्पा बळवंत चौकातून १२ वह्या, बालभारतीची पुस्तकं आणि खाकी कागदाचा रोल आणला. (गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास गेला, ते असो.) अडलंय ते कव्हरांपाशी. शाळेत प्लास्टिक चालत नाही, खाकीच हवं. गेल्या जूनमध्ये पहिल्याच पावसात दप्तर झिरपलं, कव्हरांच्या कोपऱ्यांचा लगदा झाला आणि स्टिकरवरच्या नावाचा नुसता निळा डाग उरला. सासूबाई म्हणतात, कागदावर मेणबत्ती घास. कोणी करून बघितलंय का? की सरळ दप्तरालाच रेनकव्हर घेऊ? आणि नाव कशानं लिहिता तुम्ही? सोमवारी शाळा आहे, अजून एकही वही झालेली नाही.